खोट्या स्क्रीनवरचा चौदावा नंबर

आमच्या शाळेत दोन वह्या असायच्या, कच्ची आणि पक्की. कच्ची दप्तरात लपवायची, पक्की गुरुजींना दाखवायची. आई त्याच शाळेत खिचडी शिजवायची. तिला वाचता येत नव्हतं, पण हात पुसून माझी पक्की वही उघडायची आणि खाडाखोड नाही ना, एवढं बघायची. लातूर जिल्ह्यातल्या मुरुडच्या त्या शाळेतून मी नांदेडला इंजिनिअरिंगला गेले. फॉर्म भरायला गुरुजी स्वतः एसटीने सोबत आले होते. त्यांच्यामुळे आणि आईमुळे मी लातूरच्या एका लहान सॉफ्टवेअर ऑफिसात लागले. पहिले सहा महिने प्रोबेशन होतं.

सहाव्या महिन्यात उदगीरच्या काही अडत्यांचं काम आलं. तुरीच्या दिवसांत मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, गेटबाहेर गाड्यांची रांग लागते. मोबाईलवर आधीच नंबर लावता येईल असं ॲप त्यांना हवं होतं. खरं ॲप करण्याआधी प्रोटोटाइप करतात. त्यात स्क्रीन दिसते, बटण दाबलं की पुढची स्क्रीन येते, मागे मात्र काहीच नसतं. ऑफिसचे सर म्हणाले, "टूल तू निवड. का निवडलं ते एका पानावर लिहून दे. शनिवारी अडत्यांना तूच दाखवायचं." मला कायम करायचं की नाही, हे त्यानंतर ठरणार होतं.

दोन टूल समोर होती. एकात नुसते राखाडी चौकोन आणि रेघा. दुसऱ्यात रंग, खऱ्यासारखी अक्षरं, बटण दाबलं की मोबाईल थरथरायचा. सर असंही म्हणाले होते की सुरुवातीला कागदावर काढलेलंही चालतं. मला वाटलं, माझी कुवत बघून ते सूट देतायत. मी दुसरं टूल घेतलं. मला पक्की वहीच दाखवायची होती.

शुक्रवारी सकाळी मी ते मोंढ्यातल्या लोकांच्या हातात देऊन बघायला उदगीरला गेले. रांगेत अकराव्या जागेवर एक टेम्पो होता. त्याचा मालक तुरीच्या पोत्यांना टेकून बसला होता, पन्नाशीचा, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या गावचा. हे अजून खरं नाही, बघण्यापुरतं आहे, असं मी त्याला सांगितलं आणि फोन दिला. त्याने सावकाश बटण दाबलं. फोन थरथरला. हिरव्या रंगात अक्षरं आली : तुमचा नंबर १४. अडीच वाजता गेटवर या.

तो हसला आणि म्हणाला, "लई झ्याक केलंय." मी वहीत लिहिलं, पहिल्याच प्रयत्नात जमलं, आणि खुशीत पुढच्या गाडीकडे गेले.

दीड वाजता परत आले तर रांग थोडी पुढे सरकली होती आणि टेम्पोच्या जागी दुसराच ट्रॅक्टर. टेम्पो लांब लिंबाखाली उभा. मालक टपरीवर चहा पीत होता.

माझा नंबर खरा धरून त्याने रांग सोडली होती. गेट दोनला बंद होणार होतं, मग आत आलेल्या मालाचा सौदा. शनिवार-रविवार मोंढा बंद. टेम्पो भाड्याचा, संध्याकाळी परत द्यायचा. अडीच ही वेळ मी ऑफिसात बसून, काहीतरी टाकायचं म्हणून टाकली होती.

"मामा, तो नंबर खरा नाही."

"न्हाई कसा? हिरवं आलतं की."

मी पुन्हा सांगितलं. त्याने कप खाली ठेवला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता रांगेकडे बघत राहिला.

मी ट्रॅक्टरवाल्याला विनवलं. तो म्हणाला, "मोबाईलमधला नंबर हाय ना त्यांच्याकडं? मग मोबाईलमधल्याच गेटातनं जावा म्हणावं." मागचे दोघे-तिघे हसले. कुणी हललं नाही.

उरला गेटवरचा कारकून. नंबरांचं तोच बघायचा, आणि ज्या अडत्यांना मी उद्या दाखवणार होते त्यांच्याशी त्याचं रोजचं बोलणं. त्याला सांगणं म्हणजे त्यांना सांगणं. पावणेदोन वाजले होते. बसने निघून गेल्यावर मी मामाला पुन्हा दिसणारही नव्हते, हेही मनात येऊन गेलं. मग आईचा हात पुसणं आठवलं, आणि मी कारकुनाला सगळं सांगितलं. चूक माझी, सकाळी ह्यांची जागा अकरावी होती.

त्याने माझं ओळखपत्र नीट वाचलं, ऑफिसचं नाव आणि माझं नावही. मग वहीतलं पान टरकावून पेन्सिलीने ११ लिहिलं, सही केली.

मामाने चिठ्ठी उलटसुलट केली. "हे तरी खरं हाय का?"

ट्रॅक्टरवाला चिठ्ठी बघायला खाली उतरला. "गाडीचा नंबर न्हाई ह्याच्यावर. उद्या कुणी बी दाखवंल." दुसरा म्हणाला, गावही लिहा. तिसऱ्याने विचारलं, गाडी बंद पडली तर नंबर जातो का? कारकून पेन्सिलीने लिहीत, खोडत गेला. माझ्या स्क्रीनमध्ये सकाळपासून एकानेही एवढ्या चुका काढल्या नव्हत्या. सगळे छान छान म्हणत होते.

दोनला पाच कमी असताना टेम्पो आत गेला. मामाने वळून बघितलं नाही.

परतीच्या बसमध्ये सरांचा फोन आला. त्यांना कळलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "उद्या काय दाखवणार?"

शनिवारी मी अडत्यांसमोर लॅपटॉप उघडलाच नाही. कोऱ्या कागदांवर हाताने काढलेल्या स्क्रीन टेबलावर मांडल्या आणि कालची चूक पहिल्यांदा सांगितली. एक म्हातारे अडते सरांना म्हणाले, "एवढ्यासाठी इंजिनिअर ठेवली का?" मग त्यांनीच चष्मा लावला, एक कागद पुढे ओढला आणि माझ्याकडे हात केला.

"पेन्सिल आण इकडं. वजनकाटा कुठंय ह्यात?"

सोमवारी मी सरांना ते एक पान दिलं. टूल : कागद आणि पेन्सिल, नंतर राखाडी चौकोन. कारणाखाली मी मामाची गोष्ट लिहिली होती. त्यात दोन ठिकाणी खाडाखोड होती. सरांनी ते वाचलं, फाईलला लावलं आणि कायम केल्याचं पत्र महिनाअखेरीस मिळेल म्हणाले.