उलटा फेरा

बाई चटानीवरून गेल्या, एवढंच पहाडीवरून परतलेल्या बायका म्हणाल्या. मी अंगणात तांदूळ पाखडत होते. बाईंची सून मनीषा ओट्यावर बसली होती, पोटुशी. तिला सोबत म्हणूनच मी घरी राहिले होते. कोण गेलं, कुठे गेलं, हे कळायलाच मला वेळ लागला...

यमुनाबाई माझी मोठी जाऊ. मी त्यांना नुसतं बाई म्हणायची. लग्न होऊन सिहोऱ्याकडच्या या गावात आले तेव्हा चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नसे. अजूनही निघत नाही. माझ्या वाटचं बाईच बोलून घेत. आता मनात येतं ते सांगायचं कोणाला, म्हणून लिहिते आहे.

गावामागे पहाडी आहे, माथ्यावर देवी. भाताचे रोवणे आटोपले की बायका पहाडीला फेरा घालतात. देवी उजव्या हाताला ठेवून चालायचं, हा सुलटा फेरा. त्यात चढण सोपी येते, पण उतरताना ती उभी चटान, सरळसोट कातळ, येते, आणि पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ असतं. दरवर्षी कोणी ना कोणी तिथे पडायचंच. कोणाचं मनगट, कोणाची कंबर. बाई मात्र उलट्या जात. त्यांचं म्हणणं साधं होतं, चढताना चटान तोंडासमोर असते, हात टेकता येतात. उतरताना हात टेकायचे कुठे? पण उलटं फिरायचं ते फक्त मयताला, असं सगळ्या मानतात. फेऱ्याच्या पुढे नेहमी सीताकाकी. त्या भर रस्त्यात विचारायच्या, "काय वो यमुना, मयतीले निघाली का?"

"सुलटी गेली तर मंग खरंच न्या लागन मले," बाई हसत म्हणायच्या. बायकाही हसायच्या, आणि सुलट्याच जायच्या.

यंदा सीताकाकींनी मनीषाच्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, घरात असं असताना उलटी गेलीस तर लेकरावर येईल. बाईंना ते पटलं नव्हतं. रात्री भाकरी थापताना त्या मला म्हणाल्या, "माझ्यावर आलं असतं तर आयकलंच नसतं वो." दुसऱ्या दिवशी त्या गेल्या सुलट्या. चटानीवर सगळ्यांना बसून घसरत या म्हणून सांगितलं, आणि शेवाळ कुठे आहे ते बघायला स्वतः आधी उतरल्या...

आता गावात काय बोलतात? आयुष्यभर उलटी फिरली, म्हणून देवी कोपली. ऐकून माझं डोकं फिरतं. उलट्या गेल्या तेव्हा त्यांना कधी खरचटलंसुद्धा नाही. सुलट्या गेल्या आणि मेल्या. एवढं साधं कोणाला दिसू नये? चुलीपुढे बसून मी हे शंभरदा बोलते, आणि माणूस समोर आला की जीभ टाळूला चिकटते.

मागच्या आठवड्यात सीताकाकी घरी आल्या. फेरा अर्धा राहिला, तो घरच्याच बाईने पुरा केला पाहिजे, बाळंतपणाच्या आधी, असं म्हणाल्या. मनीषा घाबरून माझ्याकडे बघत होती. उद्या मीच जाते, असं तिने म्हणायच्या आत मी बोलले.

"मी जाईन, काकी. पण उलटी."

"यमुना गेली तरी तुले समजलं नाई काय?"

"घरात मयतच झाली ना, काकी. मयतीचा फेरा उलटाच राहते."

सीताकाकी पदर सावरून उठल्या आणि चहा न घेताच गेल्या.

मी एकटीच गेले. चटानीखाली उभी राहिले. वर हात टाकला तर बोटांना एक खोबण सापडली, मग तिच्या वर दुसरी. आजूबाजूला सगळं हिरवं, बुळबुळीत शेवाळ. तेवढ्या खोबणी मात्र कोरड्या, गुळगुळीत, बोटं जातील एवढ्याच. बाईंशिवाय या वाटेने दुसरं कोणी चढतच नव्हतं...

एकेका खोबणीत बोटं घालत मी वर गेले.