चारशे बारा नंबरची खुर्ची

त्या जुन्या हवेलीत दोरीवाले काका मालकिणीच्या खोलीवर नेमलेले. हवेलीचं संग्रहालय झालं तेव्हापासून, म्हणजे सव्वीस वर्षं, "दोरीच्या अलीकडे राहा, हात लावू नका," हे सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता. गुडघे तर त्याच्याही आधी गेले. तिथल्या स्टुलाला पाठ नव्हती, म्हणून त्यांनी घरची लाकडी खुर्ची आणून दाराशी ठेवली. बायकोच्या माहेरची, जुनी पण दणकट.

गेल्या वर्षी सगळ्या वस्तूंची नव्याने नोंद झाली. काका नेमके रजेवर. नोंदणीवाल्या बाईंना कामाचा उरक भारी. दिसेल त्याला नंबर चिकटवत सुटल्या. काका परतले तर खुर्ची दोरीच्या पलीकडे, आरशासमोर, पाठीवर चिठ्ठी: चारशे बारा. स्टूल केव्हाच तिकीटखिडकीवर गेलं होतं.

"बाई, ही माझी आहे हो."

"पावती आहे?"

सासऱ्यांनी घेतलेल्या खुर्चीची पावती कोण जपून ठेवतं!

"मग समिती बसल्याशिवाय वहीतून निघायची नाही," बाई म्हणाल्या. समिती काही बसेना, आणि काकांनाही बसता येईना.

अकरा महिने माणूस उभा. लोक हौसेने खुर्चीचे फोटो काढत, मालकीणबाई इथेच बसत असतील म्हणत. आधी काकांना हसू यायचं, मग राग, पुढेपुढे तेही येईनासं झालं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, कशाला कुणाच्या तोंडी लागा? घरी गेल्यावर पायांत गोळे यायचे. बायको तेल चोळता चोळता विचारायची, "मी येऊन सांगू का त्यांना?"

"तू यात पडू नकोस," एवढंच ते म्हणायचे.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. काका भिंतीला टेकून अर्धवट मिटल्या डोळ्यांनी उभे. दोरीवरून एका बाईचा हात खुर्चीच्या पाठीवर गेलेला त्यांना दिसला.

"बाई, हात लावू नका. अलीकडे या."

हात हलला नाही.

"अहो, मी आहे."

काकांनी मान वर केली. तिकीट काढून, रांगेत उभी राहून बायको आली होती. आपल्याच माणसाला आपण ओळखलं नाही, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती रागावली नव्हती. त्यांच्या पायांकडे बघत होती.

"किती सुजलेत हो!"

काकांनी दोरीचा आकडा काढला. "ये, बस. तुझीच आहे."

"मला काय झालंय? तुम्ही बसा."

ते बसले. तेवढ्यात पुढच्या घोळक्याबरोबर नोंदणीवाल्या बाई आत आल्या आणि जागच्या जागी थबकल्या.

"अहो काका, उठा! वस्तू आहे ती!"

काका उठले नाहीत.

"बाई," ते म्हणाले, "पाय दुखताहेत माझे."