गोल काढलेली पेटी

अंबरनाथच्या कारखान्यात माझं सगळं आयुष्य गेलं. आमच्या खात्यात तपासनीस नापास मालावर खडूनं गोल काढायचा. गोल दिसला की माल भंगारात, विचारायचं काम नाही.

पहिल्या निवडणुकीत आमच्या भागातून दिल्लीला दोघे पाठवायचे होते. त्यातली एक जागा आदिवासींसाठी राखीव. माणशी दोन चिठ्ठ्या, आणि पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी. राखीव जागेला आमच्या पक्षानं बदलापूरकडच्या डोंगरातल्या वाडीचा एक ठाकर उभा केला. पंधरा दिवस तो माझ्या खोलीवर राहिला. भाकरी वाढली की आधी बायकोला विचारायचा, "वयनी, तुमाला उरली का?" असा माणूस निवडून यावा म्हणून मी दारोदार घसा फोडला, "आपली निशाणी बघा आणि टाका!" एवढंच सांगत सुटलो. गाढव मी, दुसरं काय!

मतदानाच्या दिवशी दुपारी खात्यातला सोबती टाळी देत म्हणाला, "दोन्ही चिठ्ठ्या चांगल्या पेटीत टाकल्या बघ. गोलवाल्या रिजेक्ट पेटीत कोण टाकतो?"

मी तसाच केंद्राकडे पळालो. बाहेर बसलेल्या पक्षाच्या वकिलानं समजावलं, "अहो, आपल्या दोघांची निशाणी एकच. ओळखू यावं म्हणून राखीव उमेदवाराच्या निशाणीभोवती गोल काढलाय. एकाच पेटीत दोन टाकल्या तर एक बाद!" मी ओरडत दाराकडे धावलो, तर पोलिसानं दंडाला धरून बाहेर काढलं, "इथं प्रचार चालायचा नाय." आमचीच माणसं मला हात करून, हसत हसत आत जात होती. कपाळ माझं! नुसता बघत उभा राहिलो.

पक्षाचा दुसरा उमेदवार निवडून आला, आमचा ठाकर पडला. पुढे पेट्या गेल्या, कागदावर शिक्का आला, दोन जागांचे मतदारसंघ मोडले. सुधारणा झाली म्हणे! पण आमच्या पक्षानं 'वाडीतला माणूस चालत नाही' हे तेव्हाच ठरवून टाकलं होतं. तिकडे पुन्हा कुणी फिरकलं नाही.

निकालानंतर तो घोंगडी न्यायला आला. दारातच म्हणाला, "दादा, तुमचं एक तरी पडलं ना मला?"

मी "हो" म्हणालो. मतदानाच्या दिवशी सकाळी रांगेत पहिला मीच होतो. गोल दिसला, आणि हात आपोआप दुसऱ्या पेटीकडे गेला होता.