आठ महिने आधी

समुद्रकाठच्या पिरान गावच्या मिठागरांत डोरा पुत्सेरला ओळखत नाही असा माणूस शोधूनही सापडायचा नाही. तीस वर्षं ही बाई गुडघाभर चिखलात! मीठ पांढरंशुभ्र निघावं म्हणून तिथे वाफ्याच्या तळाशी जिवाणूंची जिवंत साय जपतात, पेटोला म्हणतात तिला. त्या सायीत कोण कोण राहतं, कुणाचं कुणाशी नातं, कुणाला काय नाव द्यायचं, हे डोराचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. दुसऱ्यांनी घाईघाईत ठेवलेली सात नावं तिने पुराव्यानिशी खोडली होती. "लोक बारशी करतात, ही बाई बारशी मोडते," असं प्रयोगशाळेत म्हणत. तिला ते आवडायचं.

स्वतः मात्र तिने एकच नाव ठेवलेलं. सव्वीस वर्षांपूर्वी, मीठ पिकवणाऱ्या टोनिनामावशीच्या वाफ्यात तिला एक नवा गुलाबी जिवाणू सापडला, आणि तिने त्याला टोनिनाचंच नाव दिलं. चौथीत शाळा सोडलेल्या टोनिनाने त्या नावाचा छापील कागद चौकटीत घालून स्वयंपाकघरात मारियामाउलीच्या तसबिरीशेजारी लावला.

यंदा डोराने जुने सगळे जिवाणू नव्या यंत्रावर पुन्हा तपासायला घेतले. गुलाबी महाशय पोर्तुगालच्या एका जिवाणूशी तंतोतंत जुळले. तिकडच्यांनी त्याचं नाव डोराच्या आठ महिने आधीच छापलेलं. नियम सरळ आहे: आधीचं नाव राहतं, नंतरचं जातं. तिने तीनदा तपासलं. तिन्ही वेळा तेच.

"डोराबाई, हे एक राहू द्या की," सहकारी क्लेमेन म्हणाला. "आपल्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक आहे? म्हातारी पंच्याऐंशीची झाली."

"दुसऱ्या कुणाचं असतं तर राहू दिलं असतं मी?"

"छे!"

"मग? कामाला लाग."

तोऱ्यात बोलली खरी, पण टोनिनाच्या दाराशी ती घुटमळली. या घरातून ती कधी उपाशी परतली नव्हती.

टोनिना रानशतावरी घालून आम्लेट करत होती. डोराने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझं नाव पुसणार तू?" टोनिनाने उलथनं आपटलं. "अख्ख्या गावाला सांगून बसलेय मी! त्या शेजारच्या ल्युबाला काय तोंड दाखवू? नाचेल मेली!"

"तुला हवं ते बोल मला, मावशी. पण खोटं मी ठेवणार नाही."

"आणि गप्प बसली असतीस तर? कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही."

आम्लेट करपलं. टोनिनाने गॅस बंद केला आणि डोराकडे निरखून पाहिलं.

"माझं मीठ सगळ्या मिठागरांत एक नंबर, असं म्हणायचीस ना तू? मला वाटायचं, म्हातारीचं मन राखतेस."

"मन राखायला येत नाही गं मला."

"दिसलंच ते आज. म्हणजे खरंच होतं ते! बस आता. दुसरी अंडी फोडते."