बाणाची राहिलेली बाजू

दुपारची भाकरी पोटात जाते, मोहाच्या झाडाखाली खाट पडते आणि म्हाताऱ्या नुऱ्या पावऱ्याचे डोळे मिटतात. तोंड मात्र चालूच. अख्ख्या सातपुड्यात त्याच्याएवढ्या थापा मारणारा दुसरा नाही. "तर रानडुक्कर म्हणजे काय, म्हशीएवढं..." एवढं पुटपुटत तो झोपेत घसरतो, तर खाटेच्या पायथ्याशी त्याचा मेहुणा वेस्ता बसलेला. त्याच डुकरानं वेस्ताला फाडून मारलं, त्याला नऊ वर्षं झाली.

वेस्ता दगडावर बाणाचं पातं घासतोय. खर्र, खर्र.

"बस," तो म्हणतो. "पण गप्प बस. जमेल?"

"मेल्यावरही टोमणे मारतोस होय रे?"

खाट आता नदीच्या पात्रात आहे. पाणी वाहतंय, पण आवाज नाही. वेस्ताच्या पोटातली जखम अजून उघडी आहे; मधूनमधून तो पातं तिच्यात बुडवून ओलं करून घेतो.

"या बाजूनं वीस, त्या बाजूनं वीस. घासताना बोलायचं नाही, मोजणी चुकते. त्या दिवशी माझा बाण कोणी घासला, नुऱ्या?"

"मीच."

"आणि तोंड काय करत होतं?"

"अस्वलाची गोष्ट रंगात आली होती रे. दुसरी बाजू... राहिली."

"बाण डुकराच्या फासळीवरून सरकला. गावात काय सांगितलंस?"

नदी नाही. आठवड्याचा बाजार आहे. दुकानं मांडलेली, माणूस एकही नाही. तरी नुऱ्या आवाज खाली आणतो. "तुझा हात थरथरला, असं सांगितलं."

"होळीला नाचताना लोक हात थरथरवून माझी नक्कल करतात. तुझी बहीण उभी राहून बघते. मी मेलो ते गेलं. हे काढ माझ्या नावावरून."

"आता कोण ऐकणार माझं?"

"हात इकडे कर." वेस्ता त्याच्या मनगटाच्या वर पातं टेकवतो, हलकेच ओढतो. "अशी लागते धार."

नुऱ्या ओरडत उठतो. ऊन तेच, झाड तेच. पण डाव्या हातावर बोटभर रुंदीचा पट्टा गुळगुळीत झालाय. पांढरे केस साफ.

शेजारच्या अंगणात जमना, वेस्ताची बायको, ज्वारी पाखडतेय. "काय झालं, दादा? हाताला काय?"

बिबट्यानं चाटलं, हे उत्तर जिभेवर तयारच असतं. नुऱ्या ते गिळतो.

"जमना, वेस्ताचा हात थरथरला नव्हता," तो म्हणतो. "त्याचा बाण मी घासला होता. एकाच बाजूनं."

सुपाचा आवाज थांबतो. जमना मान वर करत नाही.