खिडकीजवळचं स्टूल

धोबीखान्यातल्या इस्त्रीच्या खोलीत बसायला जागा अशी एकच, खिडकीजवळचं स्टूल. बाकी सगळ्या बायका दिवसभर उभ्या. स्टूल कोणाचं, हे मालकाला ठाऊक नव्हतं, बायकांना होतं. जिला दिवस गेले तिचं. तिनं बसून घड्या घालायच्या, जड इस्त्री दुसरीनं ओढायची. आणि ते मागायचं नसतं, बाकीच्या देतात.

कॉलरवालीला ते असंच मिळालं. शर्टाच्या कॉलरी तिच्याइतक्या कोणाला साधत नसत, म्हणून हे नाव. तिची पाळी पहिल्यापासून लहरी. कधी अवचित टपकायची, कधी दोन-दोन महिने तोंड दाखवायची नाही. दर खेपेला ती मनात पाळणा बांधायची, दर खेपेला दोरी तुटायची. या खेपेला उन्हाळा सरत आला तरी पत्ता नव्हता. त्यात वाफेनं घेरी आली आणि ती टेबलाला धरून खालीच बसली. झालं! थोरलीनं, म्हणजे खोलीतल्या सगळ्यांत जुन्या बाईनं, तिची इस्त्री काढून घेतली.

"ऊठ. स्टूलवर बस."

"अगं थोरले, अजून नक्की नाही काही. माझं हे नेहमीचंच."

"गप! इतक्या जणींना बसवलंय त्या स्टूलवर, मला शिकवतेस? तुझं तोंडच सांगतंय."

"काय सांगतंय?"

"की आता जीभ आवर आणि घड्या घाल."

सगळ्या खिदळल्या. ती बसली, आणि बसल्यावर तिलाही खरं वाटू लागलं. घरी सांगितलं तर नवरा नुसता "हं" म्हणाला, पण त्या दिवसापासून पाण्याची बादली तोच उचलू लागला.

मग ती तपासून घ्यायला गेली. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचे कागद पाहिले, चष्मा काढला.

"बाळ नाहीये. तुमची पाळी बंद होत चाललीय. काहींची लवकर होते."

"परत सुरू होईल ना पण?"

"आली तर येईल एखादी. तिच्या भरवशावर राहू नका."

आजवर पाळी आली की ती रडायची. आता येणार नाही म्हणून रडायचं, हे तिच्या डोक्यातच शिरेना.

दुसऱ्या दिवशी ती मुकाट स्टूलवर जाऊन बसली. सांगायला म्हणून उठली की थोरली ओरडायची, "बस गं बये, काय हवं ते मी देते!" दिवस जात राहिले. ओढणी पोटावर ओढून ती घड्या घालत राहिली.

एका सकाळी कोपऱ्यातल्या टेबलावरची नवी पोर तोंडावर हात दाबून मोरीकडे पळाली. आली ती पांढरीफटक. बायकांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग स्टूलकडे. दोघी एकदम, असं कधी झालंच नव्हतं.

"आळीपाळीनं बसा," थोरलीनं निवाडा दिला.

कॉलरवाली उठली. "हिलाच बसू दे."

"आणि तू उभी राहणार? या दिवसांत?"

"दिवसच नाहीत, थोरले."

थोरली चाचरत म्हणाली, "अगं, पुढच्या खेपेला..."

"पुढची खेप नाही. पाळीच बंद होत चाललीय माझी."

नवी पोर बसता बसता अर्धवट थांबली होती. "बस गं," कॉलरवाली म्हणाली आणि तिनं इस्त्रीसाठी हात पुढे केला. थोरलीनं मान खाली घालून ती दिली.

संध्याकाळी नवरा भरलेली बादली घेऊन नळापाशी उभा होता. तिनं जाऊन कडीला हात घातला. त्यानं आधी सोडली नाही. तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग सोडली.