चोवीस चकत्या आणि अंड्यांचा ट्रे

आमच्या आत्याला कुणी विचारलं, "तुमच्या गाडीला सिलिंडर किती?" की ती आधी विचारणाऱ्याच्या बुटांकडे बघते. बूट चकचकीत असले तर "पुरेसे आहेत" म्हणते आणि आत निघून जाते. बुटांवर ग्रीसचा डाग असला तर चेहरा खुलतो. "सहा. एका ओळीत, आडवे. बसा, चहा घेणार?"

तिचा खरा धंदा शिलाई मशिनच्या दुरुस्तीचा. एकोणिसाव्या वर्षी ती एका कपड्यांच्या कारखान्यात सुया बदलायला लागली. कारखाना बंद पडला तेव्हा तिथली दोनशे दहा मशिनं तिच्या एकटीच्या भरवशावर चालत होती. मालकाच्या मुलाची ही मोटारसायकल भंगारात निघाली, म्हणजे एक सांगाडा आणि सुट्या भागांची तीन पोती. भंगारवाला म्हणाला, "ताई, सांगाडा न्या, पोती टाकून द्या. यातून काही उभं राहायचं नाही." ती म्हणाली, "पोती दे. सांगाडा दारात आणून टाक." पोत्यांतून गाडी बाहेर यायला अकरा वर्षं लागली.

इंजिन तिला कधी अवघड वाटलंच नाही. "सहा शिलाई मशिनं एका दांड्यावर बसवलीत, दुसरं काय आहे त्यात?" अवघड होतं ते सहा कार्बोरेटरना एका सुरात श्वास घ्यायला लावणं. एकाने जरा जास्त ओढला की दुसरा रुसतो, दुसऱ्याची समजूत काढली की पाचवा खोकतो. दर तीन महिन्यांनी ती स्टुलावर बसून त्या सहा जणांशी भांडते. "तू गप. तुला विचारलं का मी? हां, आता बोल. हळू बोल, मेल्या!" पलीकडच्या खोलीतला नवा भाडेकरू दचकतो. जुन्यांना सवय आहे.

आतोबा बसचे कंडक्टर होते, आता निवृत्त. चौतीस वर्षं ड्रायव्हरकडे पाठ करून उभे राहिल्यामुळे त्यांचं पुढे-मागे जगापेक्षा वेगळं आहे. घरातही ते "पुढे सरका, पुढे सरका" म्हणतात आणि आपण मागे सरकल्यावर त्यांचं समाधान होतं. मोटारसायकलला हात लावायची त्यांना बंदी आहे. पुसायचीसुद्धा.

आत्या कधी काही लिहून ठेवत नाही. कुठला स्क्रू कुठून काढला, कुठली वायर कुठे गेली, सगळं हातात. "ज्याच्या हाताला आठवत नाही त्याने लिहावं," असं ती आतोबांच्या किराण्याच्या यादीकडे बघून म्हणते.

तर या वर्षी वाहन कार्यालयातून पत्र आलं. गाडी जुनी, मुदत संपली, गुरुवारी अकरा वाजता स्वतःच्या चाकांवर चालवत आणून पासिंग करून घ्या. नाही आणली, किंवा आणली आणि इन्स्पेक्टरसमोर नीट चालली नाही, तर नोंदणी कायमची रद्द. पुढची तारीख मिळणार नाही. म्हणजे अकरा वर्षं पोत्यांतून वेचलेली गाडी उरलेलं आयुष्य खोलीत उभी राहणार आणि तिच्यावर टॉवेल वाळणार.

पत्र आलं तेव्हा इंजिन उघडं होतं. आतली टायमिंगची साखळी सैल पडून कुरकुरत होती, ती बदलायला आत्याने वरचे, वॉल्व्ह दाबणारे दोन्ही कॅमशाफ्ट काढले होते. आणि काढलेच आहेत तर धुऊन घेऊ, म्हणून चोवीस वॉल्व्हवरच्या चोवीस चकत्याही.

या चकत्या नाण्याएवढ्या. प्रत्येक वॉल्व्हच्या डोक्यावर एक. एकीची जाडी दुसरीपेक्षा केसाच्याही अंशाने वेगळी, कारण प्रत्येक वॉल्व्हला वर जेवढी फट हवी तेवढीच ती ठेवते. चकती जाड पडली की वॉल्व्ह मिटत नाही आणि ते सिलिंडर नुसतं फुसफुसतं. चकतीच्या पोटावर जाडीचा आकडा असतो, पण ती कुठल्या घरातली हे कुठे लिहिलेलं नसतं.

आत्याची पद्धत अशी. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्यायचा, सहा बाय पाच खळग्यांचा. सहा सिलिंडरच्या सहा ओळी. प्रत्येक ओळीत पुढच्या दोन वॉल्व्हच्या चकत्या, मधला खळगा रिकामा, मग मागच्या दोन. ट्रे समोर ठेवायचा, आणि जे सिलिंडर आपल्या जवळ त्याची ओळ आपल्या जवळ. बास. ट्रे म्हणजेच इंजिनाचा नकाशा. त्यात एकच गोम होती, आणि ती मंगळवारी सकाळी सगळ्यांच्या लक्षात आली. हा नकाशा उलटा धरला तरी अगदी तसाच दिसतो.

मंगळवारी सकाळी आत्या स्टुलावर बसली, हात पुढे केला आणि थांबली.

"अहो, ट्रे इथे होता."

"तो होय? पेटीवर ठेवलाय ना. मला झाडायचं होतं."

"तुम्ही हात लावलात?"

"गाडीला नाही लावला. ट्रेला लावला."

आत्या पेटीपाशी गेली. ट्रे शहाण्यासारखा बसला होता, सगळ्या चकत्या जागच्या जागी. तिने हळूच विचारलं, "फिरवलात का?"

"छे! उचलला आणि ठेवला."

"पेटी तुमच्या पाठीमागे होती. मग वळला असाल."

"मी वळलो. ट्रे नाही वळला."

"ट्रे कुणाच्या हातात होता?"

"माझ्या."

"मग तुम्ही वळलात तर ट्रे काय हवेत थांबला?"

 मग स्वयंपाकघरातून अंड्यांचा रिकामा ट्रे आला, त्याच्या एका कडेला खडूने रेघ मारली, आणि आतोबांनी त्या दिवशीचं झाडणं पुन्हा करून दाखवलं. पहिल्यांदा ते सरळ मागे चालत गेले आणि हात पाठीमागे नेऊन ट्रे ठेवला. आत्या म्हणाली, "असं जगात कुणी ठेवतं का?" दुसऱ्यांदा वळून ठेवला, रेघ उलटी आली. तिसऱ्यांदा मध्येच केरसुणी उचलायला वाकले, ट्रे एका हातातून दुसऱ्या हातात गेला, आणि रेघ आडवीच आली. ते तर शक्यच नव्हतं, कारण पेटीवर आडवा ट्रे मावत नाही. चौथ्यांदा सुलटी. पाचव्यांदा ते म्हणाले, "थांब, त्या दिवशी मला शिंक आली होती," आणि शिंकेसह करून दाखवलं.

एवढ्यात शेजारचा लेथवाला आला. तो प्रत्येक वाक्य दोनदा सुरू करतो. "मी काय म्हणतो... वहिनी, मी काय म्हणतो, मोजून का नाही घेत? मोजून घ्या की सरळ."

"मोजायचं म्हणजे चकत्या घालायच्या, कॅमशाफ्ट बसवायचे, साखळी लावायची, इंजिन हाताने फिरवत एकेका वॉल्व्हची फट बघायची. अख्खा दिवस गेला. उलट्या निघाल्या तर परत सगळं खोला आणि दुसरा दिवस. आज मंगळवार. उद्या बुधवारी टाकी, कार्बोरेटर, धुराची सहा नळकांडी चढवायची. दुसरा दिवस आहे कुठे?"

"म्हणजे एकच... म्हणजे एकच डाव?"

"एकच."

लेथवाला "बापरे" एकदाच म्हणाला. तो एकदाच म्हणाला म्हणजे प्रकरण गंभीर.

आत्याने ट्रे मांडीवर घेतला. एकदा असा धरला, एकदा तसा. डोळे मिटून हात इंजिनावर फिरवला. पूर्वी असं केलं की हात आपोआप बोलायचा. आज हात नुसता इंजिनावर पडून राहिला. "मी इथे, डाव्या बाजूला बसले होते," ती म्हणाली. "नेहमी डाव्याच बाजूला बसते. पहिलं सिलिंडर माझ्याजवळ." मग खालच्या आवाजात, "बसले होते ना?"

तीस वर्षांत आत्याने 'ना' लावून प्रश्न विचारलेला कुणी ऐकला नव्हता. आतोबांनी हातातला रिकामा ट्रे खाली ठेवला. त्यांना विनोद सुचत होता, तो त्यांनी गिळला हे चेहऱ्यावर दिसलं.

"अगं, मी फिरवला नाही," ते म्हणाले. "शपथेवर. हजार माणसांच्या गर्दीत कुणी तिकीट काढलंय नि कुणी नाही, हे मला कधी चुकलं नाही. हे कसं चुकेल?"

त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते कुणालाच कळलं नाही. आत्या त्यांच्याकडे वळली.

"तुम्ही म्हणताय फिरवला नाही?"

"नाही म्हणजे नाही."

"बरं. मग नाही."

आणि ती कामाला लागली. डाव्या बाजूला स्टूल, पेटीवर होता तसाच ट्रे मांडीवर, जवळची ओळ पहिल्या सिलिंडरला. दुपारपर्यंत चकत्या बसल्या, कॅमशाफ्ट बसले, साखळीवरच्या खुणा जुळल्या. मग तिने फटी मोजायच्या पात्यांचा जुडगा काढला. ही पाती कागदाहून पातळ. एकेक वॉल्व्हच्या वर सरकवायचं आणि किती ओढ लागते ते बोटाला विचारायचं. सैल नको, घट्ट नको, लोण्यातून सुरी ओढल्यासारखं हवं.

पहिलं सिलिंडर, चारही बरोबर. आतोबा दारात उभे, एका पायावर. दुसरं, बरोबर. तिसऱ्याला एक पातं अडकलं आणि आतोबांनी डोळे मिटले. पण तो कचरा निघाला, पुसल्यावर पातं सुळकन गेलं. चौथं. पाचवं. सहावं. चोवीसच्या चोवीस.

"बघ!" आतोबा ओरडले. "बघ! मी फिरवला नव्हता!"

आत्या हसली. पुष्कळ दिवसांनी इतकी मोठ्याने हसली. आणि तेवढ्यात लेथवाला कपाळ खाजवत म्हणाला, "पण वहिनी... पण वहिनी, चकत्या काढल्या त्या दिवशी तुम्ही डाव्या बाजूला कशा बसाल? तिथे तर माझी वेल्डिंगच्या गॅसची टाकी उभी होती. मीच ठेवली होती तिथे. तुम्ही उजवीकडे बसलात आणि मला शिव्या दिल्यात. चांगल्या दिल्यात."

 आत्याच्या ओठांची हालचाल चालू होती. उजवीकडे बसली होती म्हणजे सहावं सिलिंडर जवळ. सहावं जवळ तर जवळची ओळ सहाव्याची. आज मात्र जवळची ओळ पहिल्याला लागली आणि बरोबर निघाली. म्हणजे...

"म्हणजे तुम्ही फिरवला होता," ती आतोबांना म्हणाली.

"पण बरोबर निघालं ना?"

"तुम्ही चुकलात, मीही चुकले, म्हणून बरोबर निघालं."

"मग मी बरोबर की चूक?"

"चूक."

"आणि तू?"

आत्याने पाती पुसून जुडग्यात ठेवली. "मलाच कळत नाहीये, मला विचारू नका," ती म्हणाली.

बुधवारी सगळं चढलं. गुरुवारी सकाळी बटण दाबलं तर गाडी सुरू झाली, पण आवाजात कुठेतरी एक पायरी गाळल्यासारखी वाटत होती. आत्याने ओल्या बोटाने सहाही नळकांड्यांवर पाणी शिंपडलं. पाच ठिकाणी चर्र झालं, चौथं गार. प्लगची टोपी नीट बसली नव्हती. ती दाबल्यावर सहाही एकदम बोलायला लागले आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

कार्यालयाच्या आवारात इन्स्पेक्टर साहेब गाडीभोवती दोन चकरा मारून आले. त्यांचं बोलणं सगळं हुंकारात. "हं. हं? ...हं." मग वाकून नळकांडी मोजली. एकदा सहा आली, एकदा पाच, मग बोट लावून मोजली.

"बाई, एवढी कशाला?"

"साहेब, एवढीच आली होती पोत्यात."

"हं. देखभाल कुठे करता?"

"घरी."

"कोण करतं?"

आत्याने आतोबांकडे बघितलं. "आम्ही दोघं," ती म्हणाली. "मिळून."

इन्स्पेक्टरांनी आवाराला एक फेरी मारायला लावली, ब्रेक बघितले, दिवे बघितले, इंजिनाला कान लावला आणि पहिल्यांदाच एक अख्खं वाक्य बोलले. "पाच वर्षं देतो." शिक्का बसला.

घरी येताना आतोबा मागे बसले होते, अर्थातच उलट्या तोंडाने बसायला बघत होते, पण आत्याने सरळ बसवलं. आनंदाच्या भरात ती गाडी तशीच खोलीत घेऊन गेली, हेल्मेटसुद्धा काढलं नाही. पांढऱ्या रंगाचा डबा काढला, ब्रश घेतला आणि गाडीच्या डाव्या बाजूला जमिनीवर स्टुलाच्या चार पायांचे चार गोल रंगवले. शेजारी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'इथे बसायचं.' आयुष्यात पहिल्यांदा तिने काहीतरी लिहून ठेवलं. मग ट्रेच्या एका कडेला जाड रेघ ओढली.

आतोबा बघत उभे होते. बोलावं की नाही, असं त्यांचं चाललं होतं.

"अगं," ते शेवटी म्हणाले, "रोज गाडी शेपटीकडून आत येते. आज तोंडाकडून आलीय."

आत्याने गाडीकडे बघितलं. गोलांकडे बघितलं. रोजच्यासारखी गाडी लावली तर हे गोल उजव्या बाजूला येणार होते. रंग ओला होता. ब्रशमधून एक थेंब तिच्या चपलेवर पडला.

"आता अशीच येईल," ती म्हणाली.

"आणि बाहेर कशी काढायची? पावणेतीनशे किलो आहे, उंबऱ्याला चढ आहे."

"तुम्ही ढकलाल."

"म्हणजे मी गाडीला हात लावायचा?"

आत्या डब्याचं झाकण ठोकून बसवत होती. "पुढून ढकला," ती म्हणाली. मग थांबली, आणि दोघंही तिथे उभी राहून पुढे म्हणजे नक्की कुठली बाजू, ते ठरवायला लागली.